पस्तीस मेंढरं, दोनशे सुया

आमची नंदी, म्हणजे माझ्या लेकाची, मच्छिंद्रची, थोरली राजनंदिनी, शिकली ते चांगलंच झालं. पण म्हातारं माणूस बोलत असलं तर मान वर करून त्याच्याकडे बघावं, एवढं तिला कुठल्याच कॉलेजात शिकवलेलं दिसत नाही. वसुबारसेच्या दिवशी सकाळी माझा चुलतदीर जानकू दारात आला. सत्तरीला टेकलेला माणूस. ओट्यावर बसला, तांब्याभर पाणी प्याला आणि तिला म्हणाला, "पोरी, देवीच्या लशीची पेटी कवा येनार? वाडा उठायला आला."

तर ही पोर मांडीवरच्या कंप्युटरवरून नजर न काढता म्हणते, "आबा, तुमची झालीत सगळी. बाकी शून्य."

"माझ्या एकाबी मेंढराला सुई लागली न्हाई गं."

"लागलीय. इथं आहे ना."

इथं आहे! जो माणूस जन्मभर मेंढरांच्या मागं चालला, त्याला ही सांगणार त्याच्या मेंढरांचं. जानकूकडे वाड्यातली सगळ्यांत कमी मेंढरं, आणि ज्याच्याकडे कमी त्याला गप बसायची सवय लागलेली असते. पायताणं सरकवली आणि गेला.

आम्ही आण्याच्या पठारावरची माणसं. आमच्यात वाडा म्हणजे दगडामातीचं घर नव्हे. चार-पाच घरांची मेंढरं एकत्र करून जो तळ चालतो तो वाडा. दिवाळी झाली की पठारावर चारा उरत नाही. मग वाडा उठतो, माळशेज उतरून कोकणात जातो आणि पाऊस लागायच्या आत माघारी येतो. वाटेवर दुसऱ्यांचे वाडे असतात, पाणी एकाच ओढ्याचं असतं. त्यातल्या एकाच्या मेंढराला देवी येऊन अंगावर फोड उठले की झालं. अकरा वर्षांमागं आली होती. मच्छिंद्रानं एका ओढ्याकाठी तीन दिवसांत बावन्न मेंढरं पुरली. घरी आला तेव्हा हाताची कातडी सोललेली होती, आणि तो पंधरा दिवस जेवायला बसून नुसता ताटाकडे बघायचा. म्हणून लशीवाचून वाडा खाली उतरवायचा नाही, हे मी तेव्हाच ठरवलं. वाड्याचं ठरवायचा मान आमच्या घराचा आहे. मालक गेल्यापासून तो माझ्याकडे आहे.

मंचरला एक संस्था आहे, जनावरांना लस टोचायचं काम करते. नंदी तिथं कंप्युटरवर बसते. हे सगळं दोन हजार सात सालचं. घटस्थापनेच्या आधी त्यांची माणसं पठारावर येऊन गेली होती. लस पुरली नाही, "राहिलेल्यांची पेटी दिवाळीच्या आत पाठवतो" असं म्हणून गेली. पेटी काही आली नाही. आता भाऊबीज झाली की तिसऱ्या दिवशी वाडा उठणार होता.

मी पीठ मळत होते. हात तसाच ठेवून बाहेर आले.

"नंदे, जानकूचं काय लिवलंय ते वाच."

"आजी, मी कामात आहे."

"मीबी कामातच हाय. वाच."

तिनं सुस्कारा टाकला. "जानकू सावळेराम. मेंढरं पस्तीस. लस दिली दोनशे. बाकी शून्य."

"पस्तीस मेंढरांना दोनशे सुया? मेंढराची काय चाळणी केली का काय?"

ती हसली. मग हसायची थांबली.

"भागूचं वाच." भागू म्हणजे माझी विधवा जाऊ. राघू आणि गेणभाऊ ही वाड्यातलीच बाकीची दोन घरं.

"मेंढरं बावन्न. लस..." ती अडखळली. "दोनशे."

"राघूचं?"

"पंच्याण्णव. दोनशे."

"गेणभाऊचं?"

"ऐंशी. दोनशे."

"आपलं?"

"दीडशे. दोनशे."

मला शाळा दुसरीपर्यंतच. पण चारशे बारा मेंढरं संध्याकाळी तळाभोवतीच्या जाळीतून आत घेताना मी नुसत्या नजरेनं मोजते, आणि एक कमी असलं तर ते कुणाचं तेही सांगते. पाच घरांना दोनशे दोनशे म्हणजे हजार. लस टोचली त्या दिवशी माझ्यासमोर बाटल्या उघडल्या दोन, शंभर-शंभर मेंढरांच्या.

"पस्तिसातनं दोनशे जात न्हाईत," मी म्हणाले. "उणं व्हतंय. मग तुझं शून्य कुठनं आलं?"

नंदीनं कंप्युटरचं झाकण अर्धवट खाली केलं. आता मात्र तिनं माझ्याकडे बघितलं, आणि बघून पुन्हा मान खाली घातली. "उणे यायला लागलं सगळीकडं. मला वाटलं लस सांडली असंल, फुकट गेलेलीपण त्यातच धरली असंल. म्हणून मी असं लावलं, की शून्याच्या खाली गेलं तर शून्य दाखव. सोमवारी रिपोर्ट द्यायचा होता."

"इचारलं कुनाला?"

"नाही."

"आन सायेबानं ते शून्य बघितलं."

"सरांनी फक्त बाकीचाच रकाना बघितला. पठारावर बाकी नाही म्हणाले, आणि पेट्या दुसऱ्या तालुक्याला पाठवल्या."

तोंडात लई आलं होतं, पण आधी मेंढरं, मग माणसं. "हे बिघडलं कुठं ते दाखव," मी म्हणाले आणि तिच्या शेजारी बसले. पिठाचे हात पदराला पुसले.

काचेवर दोन चौकटी होत्या. एकीत मालकांची नावं आणि त्यांची मेंढरं. दुसरीत लस, कुठल्या तारखेला, कुठल्या वाड्याला, किती. दोन्हींच्या मधे एक काळी रेष.

"ही रेष काय बांधती?"

"वाडा नंबर. आपल्या वाड्याला संस्थेनं सात नंबर दिलाय. मालकाच्या पुढं सात लिहिलंय, लशीच्या पुढंही सात लिहिलंय. सात सातला जोडलंय."

"म्हंजी सात नंबर म्हनून हाक मारली की मालकांतनं किती उठत्यात?"

"पाच."

"आन लस येकच."

"एकच. दोनशेची."

"मग पाची जनं त्याच दोनशे घिऊन घरला जात्यात."

नंदी हळूच म्हणाली, "हो." आणि लगेच बोटं चालवायला लागली, कारण तिला वाटलं आता झालं. पोरींना असंच वाटतं. कुठं दुखतंय ते सापडलं म्हणजे बरं झालं.

पहिल्यांदा तिनं काय केलं, तर एका वाड्याचं नाव पाच वेळा येतंय, ते एकदाच ठेवलं. काच लख्ख झाली. लस दोनशेची दोनशे. ती खूश. मी म्हणाले, "आता जानकूचं वाच." शोधते तर जानकू नाहीच. राघू नाही, भागू नाही, गेणभाऊ नाही. नुसती म्हाळसाबाई, म्हणजे मी, मेंढरं दीडशे.

"चौघांना वाड्याभायेर काढलंस की गं! मी जित्ती हाय तवर हे व्हायाचं न्हाई."

"थांब गं आजी, परत आणते त्यांना."

आणलं. मग म्हणाली, दोनशेला पाचांत वाटून देते, चाळीस चाळीस. हे ऐकायला बरं वाटतं. पण जानकूची मेंढरं पस्तीस, म्हणजे पुन्हा त्याला पाच सुया जास्तीच. आणि ज्याच्या एकाही मेंढराला सुई लागली नाही त्याच्या नावावर चाळीस टाकायच्या, हे लबाडीचं काम. ते मी तिला सांगायच्या आधीच तिला कळलं. तिनं आपणच पुसून टाकलं. तेवढ्यापुरतं मला बरं वाटलं.

ऊन ओट्यावर आलं. तिची आई दोनदा चहा ठेवून गेली, दोन्ही वेळा निवला. मच्छिंद्र बैलगाडीच्या चाकाला वंगण घालत होता, तो तिथूनच ओरडला, "काय गं, म्हातारी कंप्युटर शिकायली का?"

"म्हातारी तुला मोजायला शिकवती, ये," मी म्हणाले. तो आला नाही.

मग नंदीनं त्या दोन चौकटींच्या मधे तिसरी चौकट केली, आणि तिच्यात फक्त वाडे लिहिले. सात नंबर एकदाच, आठ नंबर एकदाच. "आता मालक ह्या सातला बांधायचे," ती मला सांगत होती, पण खरं तर स्वतःलाच सांगत होती. "लस पण ह्या सातलाच बांधायची. मालक आणि लस एकमेकांना सरळ बांधायची नाहीत. मालकांची मेंढरं वेगळी मोजायची, लस वेगळी मोजायची, आणि दोन्ही आकडे वाड्यावर आल्यावरच एकातून एक वजा करायचं."

हे मला पटलं. वाड्यात असंच असतं. जानकूचं आणि माझं सरळ देणंघेणं काही नाही. तो वाड्यात आहे आणि मी वाड्यात आहे, म्हणून आमचं एकमेकांशी आहे. त्याचं मेंढरू हरवलं तर मी शोधायला जाते ती वाड्याची म्हणून. मधला वाडा काढून टाकला आणि माणसाला माणूस बांधायला गेलं, की एकाचं ओझं पाच जणांच्या पाठीवर दिसायला लागतं.

काचेवर आलं: वाडा सात, मेंढरं चारशे बारा, लस दोनशे, बाकी दोनशे बारा.

दोनशे बारा. नंदीनं तो आकडा दोनदा वाचला. मला वाचायची गरज नव्हती.

"आता पाठीव सायेबाला."

"नाही जमणार आजी. पेटी मागायला मालकवार यादी लागते. कुणाची किती राहिली, नावानिशी. आणि ते ह्यातून निघतच नाही." तिनं लशीच्या चौकटीवर बोट ठेवलं. "हे बघ. इथं मालकाच्या नावाचा रकाना आहे. आठ नंबरचा भरलाय, नऊचा भरलाय. आपलाच मोकळा आहे. लस टोचणाऱ्यानं नुसतं सात नंबर लिहिलं आणि खाली म्हाळसाबाई. तो असा कसा विसरला?"

तो विसरला नव्हता.

मला तो दिवस चांगला आठवत होता. टोचणारा पोरगा हातात कागद घेऊन जाळीपाशी उभा होता. प्रत्येक मेंढरागणिक विचारायचा, "मावशी, हे कुणाचं?" दुसऱ्या वाड्यांची माणसं बघत होती. मला ते बरं वाटलं नाही. आमच्या वाड्यात तुझं-माझं चाललंय असं वाटलं असतं बघणाऱ्याला. मी त्याला म्हणाले, "पाच नावं कशाला लिवतो? वाडा येक हाय. सात लिव्ह, खाली म्हाळसाबाई लिव्ह, आन हो मोकळा." तो पोरगा हसला आणि तसंच लिहिलं. आणि जाळीच्या तोंडाशी पुढं कुणाची मेंढरं होती, तर आमची. वाडा उठतानाही आमची पुढं असतात, आत येतानाही पुढं. मानाचंच आहे ते. दोन बाटल्या संपल्या तेव्हा मागं कोण राहिलं, हे मी वळून बघितलं नाही.

हे मी नंदीला तेव्हा सांगितलं नाही. नुसतं म्हणाले, "चल, तळावर जाऊ."

लस टोचलेल्या मेंढराच्या पाठीवर त्या पोरानं निळ्या रंगाचा ठिपका दिला होता. महिना उलटला होता, पण लोकरीवरचा रंग लवकर जात नाही. आणि मेंढरू कुणाचं ते कानावरच्या खाचेवरून कळतं. आमच्या मेंढरांचा डावा कान शेंड्याला कापलेला, राघूच्या डाव्या कानाला मधे खाच, जानकूच्या उजव्या कानाला भोक. घरागणिक खूण ठरलेली आहे, तीन पिढ्यांची.

मच्छिंद्रानं जाळीचं तोंड एका मेंढरापुरतं उघडलं. मी कान बघायचे आणि सांगायचे, नंदी पाठ बघायची आणि वहीत लिहायची. कंप्युटर तिनं घरी ठेवला होता. जानकूही आला. सकाळचं काही मनात धरल्यासारखं दाखवलं नाही त्यानं, जाळीचा दुसरा खांब धरून उभा राहिला.

"आमचं, ठिपका. आमचं, ठिपका. राघूचं."

"ठिपका आहे."

"आमचं. आमचं. जानकूचं."

नंदी थांबली. त्या मेंढराची पाठ तिनं हातानं चाचपली, लोकर बाजूला सारून बघितली. "नाही."

"जानकूचं."

"नाही."

"वैनी," जानकू म्हणाला, "माझ्याच मेंढरांना दोनशे सुया लागल्यात म्हनं. एखादी तरी सापडंल, नीट बघाया सांगा पोरीला."

मच्छिंद्र फिसकन हसला. नंदीचे कान लाल झाले, पण ती लिहीत राहिली. जानकूची पस्तीसच्या पस्तीस कोरी. भागूची बावन्न कोरी. गेणभाऊची ऐंशी कोरी. राघूची पन्नास ठिपक्याची, पंचेचाळीस कोरी. आणि आमची दीडशे. दीडशेच्या दीडशे निळी.

नंदीनं खाली बेरीज मारली. दोनशे बारा. काचेवर आलं होतं तेच. तिनं वही मिटली आणि आमच्या मेंढरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. पोर मठ्ठ नाही. ती काही विचारणार होती. जानकू तिथंच होता म्हणून थांबली.

जानकूनंही बघितलं. "चला, म्हंजी माझं डोकं ठिकानावर हाय," एवढंच म्हणाला आणि जाळी बांधायला लागला. तो चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. मी चिडणाऱ्याला पुरून उरते.

तळाच्या वरच्या टेकाडावर मोबाईलला रेंज येते. नंदी तिकडं गेली. मी खाली दगडावर बसून बघत होते. ती बोलताना एका हातानं ओढणीचं टोक पिळत होती. थोड्या वेळानं उतरून आली.

"सर म्हणाले, ह्या आठवड्यात पेटी नाही. सगळ्या गेल्या. नवीन आली की आधी आपल्याला, पण भाऊबीजेनंतरही आठ दिवस लागतील. यादी नावानिशी मागितलीय, ती देते मी."

आठ दिवस. भाऊबीजेनंतर तिसऱ्या दिवशी निघायचं ते पुढं गेलं. आठ दिवसांत कोकणातल्या चांगल्या शेतांवर दुसऱ्यांचे वाडे बसलेले असणार. मच्छिंद्रानं जाळीला हात टेकून मान खाली घातली. त्याला आमची तेवढी घेऊन निघता आलं असतं. आमची दीडशे टोचलेली होती. त्यानं तोंडातून काढलं नाही, पण माझ्याकडे बघितलं ते तेच विचारायला.

"आन हे कसं झालं म्हनून इचारलं आसंल सायेबानं," मी नंदीला म्हणाले.

"विचारलं ना."

"काय सांगितलंस?"

ती वहीच्या कोपऱ्याशी खेळत राहिली. "कंप्युटरमध्ये एरर होता म्हणून सांगितलं."

जानकू गाठ बांधायचा थांबला.

मी दगडावरून उठले. गुडघा दुखत होता, मच्छिंद्र हात द्यायला आला तर त्याचा हात बाजूला केला. तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"नंदे, वर बघ. कंप्युटरचा काय बी दोस न्हाई. तू जोडलंस तसं त्यानं दावलं. उनं बी त्यानंच दावलं व्हतं, ते तू दडवलंस. नावं लिवू दिली न्हाईत ती मी, आन आपली मेंढरं म्होरं घातली ती बी मी. वाडा माझ्या नावावर लिवला आन मागं ऱ्हायलेली चार घरं मला दिसली न्हाईत. ते मी आज घरोघर जाऊन सांगनार हाय, जानकूभावजी हितं हायेत, त्यांच्यापासनंच धरा. आता तू टेकाडावर परत जा. सायेबाला सांग, शून्य मी घातलं, माझ्या हातानं. नोकरी गेली तर जाऊ दे, मेंढरं राखायला मानूस लागतंच. आन मच्छिंद्रा, तू बी ऐक. आठ दिस लागू देत न्हाईतर पंधरा, पेटी आल्याबिगर सात नंबरचं येक मेंढरू घाट उतरनार न्हाई. आपलं बी न्हाई."